कांद्याची साल आणि वाळूचा थर

आमच्या नामपूरच्या गल्लीत गॅस म्हणजे सिलिंडर. त्यामुळे मी गॅस शोधायच्या कामासाठी राजस्थानात निघाले हे कळल्यावर शेजारच्या कमलाकाकूंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "अश्विनी, मग आमचा नंबर जरा लवकर लागंल का गं?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. काकू, सिलिंडरमधला गॅस वेगळा. आम्ही शोधतो तो जमिनीखालून येतो, पाइपातून जातो, त्याच्यावर वीज तयार करतात. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे नाय लागणार."

संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. अशा लेखमालेत माणसं तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल लिहितात. माझी नोकरी चार हिवाळ्यांची. आणि आता तर मी परत कॉलेजच्या बाकावर आहे. नाशिकला एम.एस्सी. करते, नाशिक रोडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, आणि वर्गातली मुलं मला ताई म्हणतात. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिताना वाक्य बरोबर आहे की नाही हे विचारायलाही घरी कुणी नाही. पण संपादक म्हणाले, "तुम्ही नेमकं काय करत होतात ते आम्हाला कुणालाच कळलेलं नाही, तेवढंच लिहा." तेवढं जमेल असं वाटलं.

काम समजायला सोपं आहे. बोअरची गाडी सगळ्यांनी पाहिलेली असते. बोअर मारताना वर जो गारा येतो, त्यावरून खाली काळा खडक आहे की मुरूम हे गाडीवाला सांगतो. माझं काम तेच, फक्त विहीर दोन-अडीच किलोमीटर खोल. लोखंडी पाइपांची लांबच लांब नळी, टोकाला खडक फोडणारा दातेरी गोळा. पाइपातून वरून मातीचं दाट पाणी पंपानं खाली सोडायचं. ते गोळ्याच्या भोकांतून बाहेर पडतं आणि पाइपाच्या बाहेरच्या पोकळीतून खडकाचे तुकडे घेऊन वर येतं. या पाण्याला तिथे सगळे 'मड' म्हणतात. वर आलं की ते एका थरथरणाऱ्या चाळणीवर पडतं. पाणी खाली जातं, खडकाची चुरी वर राहते. ती चुरी गोळा करायची, धुवायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि लिहायचं, की अमुक खोलीवर चिकणमातीचा दगड, अमुक खोलीवर वाळूचा. शिवाय मडमध्ये विरघळून गॅस येतो का, हे एक यंत्र सतत बघत असतं आणि पडद्यावर रेघ काढत असतं. रेघ वर चढली की सगळ्यांच्या माना वळतात. हे सगळं करणाऱ्याला मड लॉगर म्हणतात. आमच्या आईनं त्याचं भाषांतर केलं होतं, "गारा बघणारी."

यात एक गोम आहे, आणि पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. चाळणीवर आत्ता पडलेला तुकडा आत्ता फुटलेला नसतो. तो तळातून वर यायला तासाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गोळा आणखी खाली गेलेला असतो. या मधल्या वेळाला 'लॅग' म्हणतात. लॅग चुकला, तर तुमच्या हातातला दगड बरोबर, तुमचे डोळे बरोबर, आणि पत्ता मात्र चुकीचा. पत्र दुसऱ्याच घरात पडल्यासारखं.

माझे वडील, आबा, नामपूरला एका कांदा व्यापाऱ्याच्या चाळींवर मापारी आहेत. साठवलेला कांदा चाळीतून काढून गोण्यांत भरायचा, काट्यावर घालायचा, ट्रकात चढवायचा, हे त्यांच्या नजरेखाली चालतं. चाळ उघडली की ती रिकामी होऊन शेवटची गोणी काट्यावरून उतरेपर्यंत आबा घरी येत नाहीत. हा त्यांचा नियम. आमच्या आत्याच्या लग्नात कानपिळीला नवरदेवाचा कान तयार होता, पण तो पिळणारा भाऊ चाळीवर होता. शेवटी पंगत उठल्यावर आबा अंगावर कांद्याची फोलपटं घेऊन मांडवात आले आणि मग कान पिळला गेला. ते नवरदेव, म्हणजे आमचे फुवाजी, अजून म्हणतात, "माझा कान उधार होता."

मी बी.एस्सी. झाले आणि त्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा आबांनी विचारलं, "किती दिवसाचं काम शे?"

"एका विहिरीपुरतं आबा. करारच तसा आहे. पुढचं पुढं."

"मंग एक विहीर. ती झाली का परत. सटाण्याला शाळेत मास्तरीण पाहिजेल, त्यांना मी शब्द दिलाय."

आई म्हणाली, "थंडी असंल तिथं." मला तेवढ्यात कळलं की आई माझ्या बाजूची आहे, कारण ती बॅगेत काय भरायचं याचा विचार करत होती.

तर मी गेले. पश्चिम राजस्थानच्या पार टोकाला, जिथं रस्ता संपतो आणि त्याच्या पुढंही जीप बराच वेळ चालत राहते. माझा समज होता की वाळवंट म्हणजे ऊन. डिसेंबरात तिथल्या सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. रिगवर, म्हणजे विहीर खणणाऱ्या त्या अवाढव्य यंत्राच्या तळावर, मी एकटीच बाई. ड्रिलर होते बलबीरसिंग, मोठे धिप्पाड, आवाज इंजिनाच्या वर. त्यांनी मला पहिल्या दिवशी नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, यहाँ तो ऊँट भी छुट्टी माँगता है. तू किस जुर्म में आई है?"

कंपनीचे भूवैज्ञानिक होते कुलथे सर. नाशिक रोडचेच. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांनी बलबीरसिंगांना सांगितलं, "कांद्याच्या गावची आहे. रडणार नाही, रडवेल." ते ऐकून मला फार धीर आला, जरी मी त्याच रात्री उशीत तोंड घालून रडले.

तिथं आम्हाला नियमित भेटायला येणारे एकच गृहस्थ होते. मेंढ्या-उंट घेऊन फिरणारे एक म्हातारे बाबा. ते कुंपणाशी यायचे आणि विचारायचे, "पाणी लागलं?" मी आपल्या हिंदीत सांगायची, की बाबा, आम्ही पाणी नाही शोधत, गॅस शोधतो. ते खाली वाकून विहिरीच्या दिशेनं बघायचे, मग पाइपांच्या ढिगाकडे, आणि म्हणायचे, "इतना गहरा गए, और पानी भी नहीं मिला?" त्यांच्या आवाजात टोमणा नसायचा, खरीखुरी सहानुभूती असायची. कुलथे सरांनी शेवटी टँकरवाल्याला सांगून त्यांच्या जनावरांसाठी एक हौद रोज भरायची सोय केली. तरी बाबा विचारायचे थांबले नाहीत. मला वाटतं आम्ही नापास होत नाही ना, याची त्यांना काळजी असावी.

आता ती विहीर कशासाठी होती ते सांगते. त्या भागात गॅस मी जन्मायच्या आधीच सापडलेला होता. बरीच वर्षं तो निघत होता, आणि आता जुन्या विहिरींचा दाब उतरत चालला होता. कागदावर साठा संपत आलेला. कुलथे सरांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, ज्या वाळूच्या थरातून आपण गॅस काढतो, त्याच्या वर वाळूचाच आणखी एक पातळ थर आहे. जुन्या विहिरी खणताना तो कुणाच्या नजरेत भरला नाही, कारण तेव्हा सगळ्यांना खालच्या जाड थराची घाई होती. तो सापडला तर साठा वाढेल.

"सर, पण मग साठा वाढतो म्हणजे काय?" मी विचारलं होतं. "जमिनीत नवीन गॅस थोडाच तयार होतो?"

"नाही होत," सर म्हणाले. "गॅस तेवढाच. आपलं कळणं वाढतं. साठा म्हणजे जमिनीत आहे ते नव्हे. जमिनीत आहे असं आपण खात्रीनं सांगू शकतो, ते."

मला एकदम आबांची चाळ आठवली. बाहेरून फटीतून बघून व्यापारी म्हणतो, आत निम्मा सडलाय. आबा म्हणतात, थांबा. आणि उघडत गेलं की मधल्या भागात कोरडा, टणक, लालबुंद कांदा निघत राहतो. तो काही त्या दिवशी तयार झालेला नसतो. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूष झाले, की मुख्य कार्यालयाला पाठवायच्या अहवालात घालू का असं विचारायला लागले. मी नको म्हटलं.

पण कार्यालयानं सरांना एकच विहीर दिली होती. त्यात नवा थर दाखवता आला, तर आणखी विहिरी. नाही तर रिग उचलून गुजरातेत, आमचं मड लॉगिंगचं युनिट बंद, आणि मी सटाण्याला मास्तरीण. मास्तरकी वाईट असं मला म्हणायचं नाही, मला शिकवायला आवडतं. पण चाळणीवरची चुरी धुताना पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली एक पारदर्शक वाळूचा कण दिसला होता, गोल, झिजलेला, आणि तो शेवटचा कधी तरी एखाद्या समुद्राच्या काठावर उघड्यावर पडला होता हे लक्षात आलं होतं. तेव्हापासून मला तिथून जायचं नव्हतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. आबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "लागला का?" अगदी बोअरसारखं. मी म्हणायची, "अजून नाही." आणि मला कळायचं नाही, की ते 'लागो' म्हणून विचारतात की 'न लागो' म्हणून.

दरम्यान आईनं काय केलं, तर नामपूरहून राजस्थानात कांदा घेऊन जाणाऱ्या एका ट्रकवाल्याला गाठलं आणि एक गोणी माझ्या नावानं चढवली. लाल कांदा, पन्नास किलो. तिला कुणी तरी सांगितलं होतं की तिकडे नीट कांदा मिळत नाही. आमची रसद आणणारी जीप ती गोणी घेऊन आली तेव्हा स्वयंपाकघरातले महाराज दोन्ही हात जोडून पुढे आले. महाराज खरं तर बिनकांद्याच्या स्वयंपाकाचे. पण त्या आठवड्यात त्यांनी पोह्यांतही कांदा घातला आणि कढीतही. बलबीरसिंग मला 'कांदा मॅडम' म्हणायला लागले. स्वयंपाकघरामागे सालींचा लाल ढीग झाला आणि वारा सुटला की साली रिगभर उडायच्या. सरांच्या टेबलावर, मापाच्या यंत्रावर, एकदा तर बलबीरसिंगांच्या पगडीत.

मग तो दिवस आला. सकाळची माझी पाळी होती. गॅसची रेघ आठवडाभर जमिनीलगत सरपटत होती, ती एकदम उभी राहिली. मी चाळणीकडे पळाले. चुरीत पांढरी वाळू होती. सरांना बोलावलं, ते चहाचा कप हातात घेऊनच आले आणि कप कुठं ठेवला ते त्यांना नंतर आठवेना. बलबीरसिंगांनी महाराजांना ओरडून जिलबीची ऑर्डर दिली.

आम्ही लॅगचा हिशोब लावून खोली काढली आणि सरांचा चेहरा उतरला. ती खोली जुन्या थराची होती. सगळ्यांना ठाऊक असलेल्या, दमत चाललेल्या थराची. सरांचा पातळ थर असायला हवा होता त्याच्या बराच वर, आणि तिथं आमच्या नोंदीप्रमाणे नुसती चिकणमाती होती.

सरांनी कार्यालयाला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. तिकडचे साहेब सभ्य होते. म्हणाले, "कुलथे, म्हणजे जुना थर, जुनाच गॅस. तुमचा थर तिथं नाही. खालपर्यंत खणून घ्या आणि मग आवरायला लागा. रिग पुढच्या आठवड्यात हलवू."

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "जिलबी सांगितलीच आहे, तर खाऊन घेऊ."

मी चाळणीपाशी परत गेले, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. नमुन्याची ताटली भिंगाखाली धरली. आणि मला दोन गोष्टी खटकल्या. जुन्या थराची वाळू हिरवट असते, सरांनीच मला जुने नमुने दाखवले होते. ही पांढरीफेक होती. दुसरं म्हणजे, गेले काही दिवस चाळणीवर चिकणमातीचे मोठे मोठे चपटे तुकडे येत होते. गोळ्यानं फोडलेली चुरी बारीक असते. हे ढलपे होते, भिंतीचा गिलावा पडावा तसे. मी ताटली घेऊन सरांकडे गेले. बोलायला घाबरत होते, कारण आमच्या घरात मोठ्या माणसानं फोन ठेवला म्हणजे विषय संपतो.

"सर, ही हिरवट नाहीये."

सरांनी बघितलं. मग मी ढलपे दाखवले. त्यांनी एक ढलपा बोटांत धरून उलटसुलट केला. मग मला नेहमीसारखी आडनावानं हाक मारत म्हणाले, "अहिरे, भिंत ढासळतेय. वरच्या मातीच्या थरात विहीर आतून पोखरली गेलीय. रुंद झालीय."

"म्हणजे वर यायला..."

"जास्त वेळ लागत असणार. हौद मोठा झाला की भरायला वेळ लागतो. आपण मात्र जुन्याच रुंदीवर हिशोब करतोय."

म्हणजे लॅग चुकला होता. हा आमच्याच धंद्यातला घोटाळा, दुसऱ्या कुणाला सांगितला तर त्याला त्यात चूक काय तेच कळणार नाही. चूक कुणाची म्हणावी अशीही नव्हती. विहीर आतून रुंद झाली हे वर बसून दिसत नाही. पण लॅग आमच्या समजुतीपेक्षा मोठा असेल, तर ती पांढरी वाळू आणि तो गॅस आम्ही लिहिलं त्याच्यापेक्षा वरच्या खोलीवरून आले होते. सरांच्या थरातून.

हे सिद्ध कसं करायचं? त्याला एक ठरलेली पद्धत आहे, कार्बाइड. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. कागदाच्या पुडीत त्याचे खडे बांधायचे, नवा पाइप जोडताना ती पुडी आत सोडायची. पाण्याशी गाठ पडली की त्यातून वायू निघतो, मडबरोबर फिरून वर येतो आणि यंत्र तो पकडतं. पुडी टाकल्यापासून वायू येईपर्यंतचा वेळ मोजला, की त्यातून खरा लॅग निघतो. मी नोकरीतलं हे काम पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आबा चिडले होते, "कार्बाइड? शिकून हे करती का तू?"

मी कार्बाइडचा डबा आणला. झाकण नीट बसलेलं नव्हतं. थंडीतल्या पहाटेच्या धुक्यानं आपलं काम केलं होतं. आत चुन्यासारखी पांढरी भुकटी. सरांनी त्यावर पाण्याचा थेंब टाकला. फसफस नाही, वास नाही, काही नाही. आणि नवा डबा शहरातून यायला दोन दिवस. तोवर विहीर तळाला पोचली असती.

"पूर्वी आम्ही तांदूळ टाकायचो," सर म्हणाले. "पाइपातून सोडायचे आणि चाळणीवर कधी दिसतात ते बघायचं."

"सर, पांढऱ्या वाळूत पांढरा तांदूळ?"

"ते खरं. रंगीत काही तरी हवं. पाण्यात रंग न सोडणारं. हलकं. गोळ्याच्या भोकातून, नोझलमधून, जाईल असं."

ते बोलत असताना वाऱ्यानं एक लाल साल उडून आली आणि मडच्या टाकीवर पडली. तरंगली. आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. पुढं सर जे म्हणाले ते मी विसरणार नाही. "अहिरे, तुमच्या मातोश्रींचा पत्ता द्या. त्यांना नोकरीवर घेऊ."

बलबीरसिंगांना पटवणं सोपं गेलं नाही.

"प्याज? मेरे पाइप में? नोझल में फँस गया तो सारा पाइप बाहर निकालना पड़ेगा. फिर मैं तुम दोनों को इसी पाइप में डालूँगा."

"बारीक चुरून टाकू," मी म्हणाले. "बोटाच्या नखापेक्षा लहान."

"किसके नाखून से?" असं म्हणून त्यांनी आपला केवढाला पंजा माझ्यापुढे धरला. मग स्वतःच हसले. "ला, प्याज ला."

महाराज आणि मी स्वयंपाकघरामागे बसून साली कात्रीनं कातरल्या. व्यापारी कांद्याच्या सालीला पत्ती म्हणतात. चांगली पत्ती गडद, तकतकीत, पाण्यानं लवकर न फाटणारी. लहानपणी सुट्टीत चाळीवर बसून मी अशाच पत्त्या वेचून खेळायची. फिक्या बाजूला टाकल्या, गडद तेवढ्या घेतल्या. कागदाच्या पुड्या बांधल्या. पुढच्या पाइपाच्या जोडणीला बलबीरसिंगांनी स्वतः पुड्या आत सोडल्या, आणि पाइपाच्या तोंडाला हात लावून कपाळाला लावला.

जुन्या हिशोबानं साली जेवणाच्या घंटेच्या आधी यायला हव्या होत्या. मी चाळणीसमोर उभी राहिले. डोळ्यांसमोर करडा चिखल, पांढरे कण, ढलपे. सर शेजारी. घंटा वाजली. लाल काही नाही. माणसं जेवायला गेली. बलबीरसिंग जागेवरूनच ओरडले, "आया?" मी हात हलवून नाही म्हटलं. ते म्हणाले, "नोझल में फँसा. पक्का फँसा." सर म्हणाले, "पंपाचा दाब चढलाय का?" दाब बघितला. चढला नव्हता. म्हणजे अडकलं नव्हतं. म्हणजे साली कुठं तरी वाटेत होत्या, त्या रुंद झालेल्या पोकळीत रमतगमत वर येत होत्या.

माणसं जेवून हात पुसत परतली. माझे पाय थंडीनं बधिर झाले होते. आणि चाळणीच्या कडेला एक लाल ठिपका दिसला. मग आणखी एक. मग एकदम मूठभर. मी इतक्या जोरात ओरडले की बलबीरसिंगांनी आधी आणीबाणीच्या बटणावर हात ठेवला.

"आली! सर, आली!"

सरांनी एक साल बोटावर घेतली, चिखल पुसला, उन्हाकडे धरून बघितली. खोलीचा नवा हिशोब आम्ही तीनदा केला. पांढरी वाळू बरोबर तिथं बसली, जिथं सर म्हणत होते. आणि दुसऱ्या दिवशी खरा जुना थर आला. हिरवट वाळू, दमलेला, कसाबसा गॅस. मी ती हिरवट चुरी ताटलीत घेतली तेव्हा मला नातलग भेटल्यासारखं वाटलं.

फोनवर साहेबांना पटायला वेळ लागला. सरांनी सगळं क्रमानं सांगितलं. शेवटी साहेबांनी विचारलं, "कशाच्या साहाय्यानं मोजलं म्हणालात?"

"कांद्याच्या साली," सर म्हणाले. "नामपूरच्या."

तिकडून पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "अहवालात 'रंगीत हलका पदार्थ' असं लिहा."

नंतर विहिरीत तारेनं यंत्र सोडून मोजमापं झाली. त्यांनीही विहीर रुंद झाल्याचं आणि पातळ थर असल्याचं दाखवलं. मग चाचणी. गॅस पाइपानं लांब एका खड्ड्याकडे नेला आणि पेटवला. मला वाटलं होतं मोठी ज्वाळा दिसेल. भर दुपारचं ऊन होतं, ज्वाळा दिसलीच नाही. फक्त खड्ड्यावरची हवा थरथरायला लागली, पलीकडची बाभळ वितळल्यासारखी हलायला लागली. बलबीरसिंग म्हणाले, "जल रहा है कि नहीं?" त्यांनी काठीला बांधलेला फडका लांबून पुढे केला, तो भुर्रकन पेटला, आणि ते लहान मुलासारखे नाचले. कुंपणाशी मेंढ्यावाले बाबा उभे होते. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं, "बाबा, मिल गया!"

ते उजळले. "पानी?"

मी म्हटलं, "नाही. पण तुमचा हौद आणखी दोन विहिरी होईपर्यंत भरत राहील." यावर मात्र ते मनापासून हसले.

कार्यालयाचा निरोप आला होता. आणखी दोन विहिरी. युनिट तिथंच राहणार, आणि मला विचारलं होतं, राहणार का? सर म्हणाले, "उत्तर उद्या द्या. आधी घरी बोला." ते स्वतः निवृत्तीआधी एवढं बघायला मिळालं म्हणून दिवसभर शीळ घालत फिरत होते. मी मात्र दुपारभर फोन हातात घेऊन बसले. आबांनी शाळेत शब्द दिला होता. आबांचा शब्द म्हणजे काय, हे फुवाजींच्या कानाला विचारा.

शेवटी लावला. आबा चाळीवरच होते. मागं गोण्यांचा आणि हमालांचा आवाज.

"लागला का?"

"लागला आबा."

"म्हंजे विहीर झाली तुझी."

"झाली." मग मी एका दमात सगळं सांगितलं. पांढरी वाळू, ढलपे, साली. साली म्हटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"कोणत्या साली? आपल्या कांद्याच्या?"

"आपल्याच. आईनं पाठवलेल्या."

तिकडं त्यांनी फोन बाजूला धरून कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, "अरे, पोरीनं पत्ती घालून गॅस काढला!" कुणी तरी हसलं. मग ते परत आले. "मंग साठा वाढला म्हंती ना तू. म्हंजे नवा गॅस झाला का?"

"नाही आबा. होताच तिथं. आपल्याला माहीत नव्हता."

"चाळीत मधून निघतो, तसा."

"तस्साच."

"किती शे?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. त्यासाठीच आणखी दोन विहिरी घेणारेत. मला राहा म्हणतायत." आणि मी घाईनं पुढं म्हणाले, "पण तुम्ही शाळेत शब्द दिलाय. आपलं एकच विहीर ठरलं होतं. मी येते परत."

आबांनी फोन कानापासून जरा लांब धरला. मला काट्याचा आवाज ऐकू येत होता, गोणी पडल्याचा, कुणी तरी आकडा ओरडल्याचा.

"चाळ उघडली शे," आबा सावकाश म्हणाले, "आणि माप बाकी शे."

"हो."

"मंग माप टाकून घरी कशी येशील तू? शाळेचं मी बघतो."

फोन ठेवल्यावर मी चाळणीकडे गेले. पाळी माझी नव्हती, तरी गेले.

पुढचे तीन हिवाळे मी तिथंच काढले. सर निवृत्त होऊन नाशिक रोडला आले. "शिक आणखी, मग परत जा," असा त्यांनी लकडा लावला, म्हणून आता हे एम.एस्सी. पुढच्या वर्षी परीक्षा झाली की मला परत जायचंय.

पण त्या फोननंतरच्या आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. रसदीची जीप आली तेव्हा महाराज उड्या मारत आले. नामपूरच्या ट्रकमधून या वेळी दोन गोण्या आल्या होत्या. एकीवर आईनं कोळशानं लिहिलं होतं, 'खायला'. दुसरी उघडली तर सगळी निवडक गडद पत्तीची, एक कांदा फिका नाही. तिच्यावर आबांचं मापाच्या आकड्यांना सरावलेलं, मोठं, जपून काढलेलं अक्षर होतं, 'कामाला'.